पोलो, व्हेंटो, रॅपिडला शॉर्ट शिफ्टर बसवताना

गिअरची दांडी लांबलचक फिरते, तिसऱ्यातून चौथ्यात जाताना कोपर सीटच्या पाठीला टेकतं, ही तक्रार पोलो चालवणाऱ्यांकडून नेहमी ऐकू येते. त्यावरचा उपाय म्हणून शॉर्ट शिफ्टर, म्हणजे दांडीचा प्रवास कमी करणारा पार्ट, विकला जातो. काम अवघड नाही. घरच्या पार्किंगमध्ये, साध्या पान्यांनी, पहिल्यांदा करणाऱ्यालाही तीन तासांत जमतं. पण पार्ट बसवायला त्यातला अर्धा तासच लागतो, उरलेला वेळ केबल जुळवण्यात जातो. बिघडतं तेही तिथेच, म्हणून इथे जुळवणीवर जास्त भर आहे.

उदाहरणासाठी चाकणच्या कारखान्यात 2009 च्या अखेरीपासून 2022 पर्यंत बनलेली पोलो घेतली आहे, पाच गिअरची पेट्रोल. त्याच घरातल्या 1.6 पेट्रोल व्हेंटो आणि स्कोडा रॅपिडलाही हेच लागू पडतं. या गाड्यांत एमक्यू200 हा गिअरबॉक्स येतो. एम म्हणजे मॅन्युअल, क्यू म्हणजे आडवा बसवलेला (जर्मन शब्द 'क्वेर'), आणि 200 म्हणजे साधारण 200 न्यूटन-मीटर टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) झेलण्याची ताकद. 1.6 आणि 1.5 टीडीआय डिझेलचा टॉर्क 200 च्या पलीकडे जातो, त्यामुळे त्यांचा गिअरबॉक्स मोठा आणि किटही वेगळं. 'पोलोचं किट' एवढंच सांगून पार्ट मागवू नका. गिअरबॉक्स कोणता ते विक्रेत्याला सांगा आणि त्याच्याकडून पार्टचा फोटो मागून घ्या.

दांडी हलली की आत काय होतं

दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत दोन केबल जातात. एक पुढे-मागे ओढण्याची, म्हणजे गिअर प्रत्यक्ष टाकणारी. दुसरी डावी-उजवी, म्हणजे पहिला-दुसरा, तिसरा-चौथा की पाचवा ही ओळ निवडणारी. बॅटरीखालचा ट्रे काढला की गिअरबॉक्सच्या डोक्यावर एक उभा शाफ्ट दिसतो. ओळ निवडताना हा शाफ्ट वर-खाली सरकतो आणि गिअर टाकताना स्वतःभोवती फिरतो. त्याला फिरवणारा जो लिव्हर आहे, त्याच्या टोकाला लोखंडाचा चांगला जड गोळा असतो. शॉर्ट शिफ्टर किट बहुतेक वेळा हाच लिव्हर बदलतं.

गणित सोपं आहे. गिअर पडायला शाफ्टला ठरावीक कोनातच फिरावं लागतं, तो कोन बदलत नाही. समजा, मूळ लिव्हरमध्ये शाफ्टच्या मध्यापासून केबलच्या पिनच्या मध्यापर्यंत 50 मिमी आहे आणि नव्यात 40. तेवढ्याच कोनाला केबल आता 20 टक्के कमी ओढावी लागते, म्हणून हातातली दांडीही 20 टक्के कमी फिरते. पण अंतर वाचलं तेवढा जोर वाढतो, आणि तो 20 नाही, 25 टक्के वाढतो. अंतर 30 टक्के कमी केलंत तर जोर 43 टक्के जास्त, 40 टक्के कमी केलंत तर 67 टक्के जास्त. जाहिरातीत पहिला आकडा असतो, दुसरा आपल्यालाच काढावा लागतो.

रोज शहरात चालणाऱ्या गाडीला 20 ते 25 टक्के पुरे, असं आमचं स्पष्ट मत आहे. हिंजवडीच्या किंवा घोडबंदर रोडच्या गर्दीत एका फेरीत शेकड्यांनी गिअर बदलावे लागतात. तिथे 40 टक्क्यांचं किट आठवडाभरात मनगटाला जाणवतं. किटला दोन-तीन भोकं असतील तर सुरुवात शाफ्टपासून सर्वांत लांबच्या भोकाने करा.

त्या जड गोळ्याबद्दलही सांगायला हवं. तो शोभेचा नाही. दांडी हलायला लागली की त्याच्या वजनाचा झोक गिअरला खाचेतून पुढे नेतो, म्हणून मूळ गाडीचा गिअर लोण्यासारखा पडतो. काही स्वस्त किटमध्ये हा गोळा नसतोच. ते बसवलं की प्रत्येक गिअरला खडखड अडथळा हाताला लागतो आणि लोकांना वाटतं गिअरबॉक्स गेला. किट घेताना गोळा आहे ना ते बघा.

पैसे घालण्याआधी

दांडी तिसऱ्या गिअरमध्ये टाका, इंजिन बंद ठेवून डावी-उजवी हलवा. बोटभरापेक्षा जास्त हलत असेल तर अडचण दांडीच्या लांबीची नसून ढिलाईची आहे. केबलच्या टोकांची बुशं (पिनभोवती बसणारी छोटी कडी) झिजलेली असतात, किंवा डावी-उजवी ओढणाऱ्या केबलचा जोडलिव्हर त्याच्या पिनवर सैल झालेला असतो. आपल्याकडे चार महिने पावसाचं पाणी आणि लाल चिखल उडून गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसतो, पिन गंजतात आणि गंज बुश खात जातो. अशा गाडीला शॉर्ट शिफ्टर बसवला तर ढिलाई तशीच राहते आणि प्रवास कमी झाल्यामुळे उलट जास्त जाणवते. बुशं आधी बदला. बऱ्याच जणांचं समाधान तेवढ्यावरच होतं.

दुसरी तपासणी क्लचची. थंड इंजिनवर क्लच पूर्ण दाबून तीन सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. कर्र आवाज आला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. तो दोष शिफ्टरने जाणार नाही, आणि नंतर आपण शिफ्टरलाच बोल लावत बसू.

गिअर तेल कधीच बदललं नसेल तर तेही याच वेळी. गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचंच घाला. 'जास्त नंबर म्हणजे जास्त चांगलं' म्हणून जीएल-4 च्या जागी जीएल-5 ओतू नका, त्यातली गंधकाची रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) बाधू शकतात.

हाताशी काय हवं

10 आणि 13 नंबरच्या गोट्या (सॉकेट), लांब एक्स्टेन्शन, रॅचेट, 13 चा रिंग पाना, नोज प्लायर, चपटा स्क्रू ड्रायव्हर, वायर ब्रश, टॉर्च, मोजपट्टी, आणि जमल्यास व्हर्नियर कॅलिपर. टॉर्क पाना उसना मिळाला तर नक्की घ्या. दांडी जागेवर अडकवायला कंपनीची टी10027 नावाची पिन असते. ती नसेल तर भोकात न हलता बसेल अशी गुळगुळीत ड्रिल बिट चालते, 5 मिमीच्या आसपासच्या दोन-तीन जवळ ठेवा. लिव्हरच्या शाफ्टवरचा नट आणि केबलच्या पिनवरच्या लॉक वॉशर नव्या आणा. एकदा काढलेली वॉशर परत तितकी घट्ट धरत नाही. प्लास्टिक बुशांसाठी सिलिकॉन ग्रीस.

जुना लिव्हर काढणे

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. हे विसरू नका, कारण पुढचा सगळा वेळ गिअर न्यूट्रलमध्ये असणार आहे. इंजिन थंड हवं.

आधी मोजून ठेवा. दांडीच्या मुठीच्या मध्यापासून तिसऱ्या ते चौथ्या गिअरचं अंतर मोजपट्टीने घ्या आणि लिहा. नंतर 'फरक पडला का' यावर वाद राहत नाही.

बॅटरीची आधी ऋण वायर, मग धन. तळाशी पकडणारा क्लॅम्प 13 च्या गोटीने सोडवा, बॅटरी उचला, ट्रेचे बोल्ट काढा. जुन्या रेडिओला वीज तुटल्यावर कोड लागू शकतो, तो आधी शोधून ठेवा.

ट्रे निघाला की मोबाइलवर चार फोटो काढा: वरून, दोन्ही बाजूंनी आणि केबलच्या टोकांचा जवळून. मग वायर ब्रशने सगळा भाग साफ करा. लिव्हरखालच्या पोकळीत जुनं फडकं कोंबा. लॉक वॉशर निसटून खाली इंजिनच्या पत्र्यावर पडली की ती शोधण्यात तास जातो.

आता केबल मोकळ्या करायच्या. गिअर न्यूट्रलमध्ये. प्रत्येक केबलच्या टोकाशी स्प्रिंग आणि त्यावर प्लास्टिकची एक कॉलर आहे. कॉलर स्प्रिंगविरुद्ध पुढे ओढा, अगदी थांबेपर्यंत, आणि डावीकडे वळवा. ती तिथेच अडकून राहते. हात सोडल्यावर मागे आली तर पूर्ण ओढली गेली नाही. आठ-दहा वर्षांच्या गाडीत हे प्लास्टिक इंजिनच्या उष्णतेने कडक झालेलं असतं. पकडीने पिळू नका, बोटांनीच ओढा. कॉलर तुटली तर अख्खी केबल बदलायची वेळ येऊ शकते.

पुढे-मागे ओढणाऱ्या केबलच्या पिनवरची लॉक वॉशर काढून केबलचं टोक सरळ वर उचला. स्क्रू ड्रायव्हरने तिरपं उचकटलं की आतलं बुश फाटतं. हे बुश एकदा बोटाने चाचपून बघा: कडा गोल गुळगुळीत हव्यात. एका बाजूला नखाएवढा खळगा लागला तर ते संपलं आहे.

मग शाफ्टवरचा नट. तो सोडवताना दुसऱ्या हाताने जड गोळा घट्ट धरा, म्हणजे सगळा जोर गिअरबॉक्सच्या आतल्या भागांवर जाणार नाही. लिव्हर दात्यांवर बसलेला असतो, सरळ वर ओढा. अडला तर थोडं गंज सोडवणारं तेल मारून दहा मिनिटं थांबा. हातोडीने ठोकायचं नाही. खाली तेलाचं सील आहे, ते दुखावलं की गिअर तेल झिरपायला लागतं.

नवा बसवणे

जुना आणि नवा लिव्हर शेजारी ठेवून शाफ्टच्या भोकापासून पिनपर्यंतचं अंतर व्हर्नियरने मोजा. किती टक्के कमी हे स्वतः काढा. नवा लिव्हर शाफ्टवर धरला की दात्यांमध्ये एक दाता गाळलेला दिसेल. लिव्हर एकाच स्थितीत बसावा म्हणून ही सोय आहे, ती जुळवूनच दाबा. जबरदस्तीने एक दाता पुढे-मागे बसला तर नंतर केबल कितीही जुळवली तरी एका बाजूचे गिअर अर्धेच पडतील.

डावी-उजवी केबलचा जोडलिव्हर नव्या लिव्हरच्या खाचेत नीट सरकतोय का ते हाताने वर-खाली करून बघा. तिथे सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर. नट वर्कशॉप मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. तो आकडा फार मोठा नाही, लांब पान्यावर लोंबकळायची गरज नाही. नायलॉन असलेला नवा नट असेल तर लॉकिंगचं द्रव लागत नाही. साधा नट असेल तर निळं, मध्यम ताकदीचं एक थेंब. लाल लावू नका, पुढच्या वेळी तापवल्याशिवाय निघणार नाही. केबलचं टोक पिनवर, नवी लॉक वॉशर, आणि फडकं काढून घ्या.

केबल जुळवणे

इथे घाई नको. लिव्हर लहान झाल्यामुळे केबलच्या टोकाची जागा बदलली आहे. जुनी जुळवणी आता लागू नाही. दोन्ही कॉलर अजून ओढलेल्या, अडकलेल्या असायला हव्यात.

पहिलं टोक गिअरबॉक्सवर. उभा शाफ्ट हाताने खाली दाबा. तो दाबलेला ठेवूनच त्याच्या शेजारची, आवरणातून बाहेर आलेली काटकोनात वाकवलेली छोटी कांडी फिरवा आणि आत ढकला. ती शाफ्टला जागेवर कुलूप लावते. शाफ्ट आता ना वर-खाली होतो ना फिरतो. जरासुद्धा हलत असेल तर कांडी बसलेली नाही. शाफ्ट थोडा डावीकडे-उजवीकडे हलवत पुन्हा ढकला, आत जाताना हाताला 'टक' जाणवतं.

दुसरं टोक गाडीत. दांडीचं कातडी कव्हर चौकटीतून वर उचकटा आणि दांडीच्या मुठीवर उलटं करा. मूठ काढायची गरज नाही. दांडी न्यूट्रलमध्येच डावीकडे, पहिल्या-दुसऱ्याच्या ओळीत न्या. दांडीच्या बुडाशी एक भोक आणि त्यासमोर खालच्या साच्यात दुसरं. दोन्ही एका रेषेत आली की पिन किंवा ड्रिल बिट आरपार घाला. ती स्वतःहून सरकली पाहिजे.

दोन्ही टोकं अशी बांधली गेल्यावर बॉनेटखाली परत या आणि कॉलर एकेक करून उजवीकडे वळवा. आतल्या स्प्रिंगने कॉलर स्वतः मागे जाऊन बसते आणि त्या क्षणी केबलची लांबी पक्की होते. केबलला या वेळी हात लावू नका, ओढू नका, 'जरा मदत' करू नका. हातातून उतरलेला एक मिलिमीटरही तिथेच पक्का होतो.

मग काटकोनी कांडी बाहेर ओढून मूळ जागी फिरवा आणि दांडीतली पिन काढा. काम संपवून दांडी हलवली आणि ती जागची हललीच नाही, तर दहापैकी नऊ वेळा ही कांडी आतच राहिलेली असते. जोर लावण्याआधी तिथे बघा.

तपासणी

दांडी सोडली की ती आपोआप तिसऱ्या-चौथ्याच्या ओळीत येऊन उभी राहिली पाहिजे. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, सगळे गिअर टाका. एखादा अडला तर लगेच घाबरू नका: दात समोरासमोर आलेले असू शकतात. क्लच एकदा सोडून पुन्हा दाबा. रिव्हर्ससाठी दांडी खाली दाबल्याशिवाय ती पहिल्या-दुसऱ्याच्या ओळीपलीकडे डावीकडे जाता कामा नये.

आता एक बारीक चाचणी, बहुतेक गॅरेजवाले ही सोडून देतात. कोणाला तरी बॉनेटपाशी उभं करा. पहिला गिअर टाका, दांडी डावीकडे टेकेपर्यंत ढकला आणि सोडा. त्याच वेळी उभा शाफ्ट साधारण 1 मिमी हलताना दिसला पाहिजे. हलला तर डावी-उजवी केबल बरोबर आहे. नाही हलला तर जुळवणी पुन्हा पहिल्यापासून.

चूक कुठे आहे ते गिअर स्वतः सांगतात. या गाडीत रिव्हर्स, पहिला, तिसरा, पाचवा पुढे पडतात आणि दुसरा, चौथा मागे. पुढचे सगळे छान आणि दुसरा-चौथा अर्धवट, किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर दांडी बाहेर उडते, तर पुढे-मागे केबल चुकली आहे. एका ओळीतले दोन्ही गिअर चांगले आणि पाचवा सापडत नाही, किंवा पहिला टाकताना दांडी रिव्हर्सकडे घसरते, तर डावी-उजवी. अर्धवट पडलेल्या गिअरवर गाडी फिरवत राहू नका. दात टोकालाच धरतात, तिथेच गोल होतात, आणि मग गिअर सुटणं ही कायमची सवय होते.

बॅटरी आणि ट्रे परत बसवताना प्रत्येक गिअरमध्ये लिव्हरचा गोळा ट्रेपासून निदान बोटभर लांब राहतोय का ते बघा. इंजिन माउंटवर डोलतं. उभ्या गाडीत 2 मिमी अंतर असेल तर चालत्या गाडीत ते आपटेल. आधी धन वायर, मग ऋण. बॅटरी काढल्यामुळे खिडकीची काच एका झटक्यात वर जायची बंद झाली असेल तर काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवा.

रस्त्यावर

पहिले दहा-पंधरा किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर, सावकाश. दांडी कमी फिरते म्हणून गिअर लवकर पडेल, असं हाताला वाटतं. पण सिंक्रो रिंगेला दोन भागांचा वेग जुळवायला जो वेळ लागतो, तो तेवढाच आहे. दांडी झटक्यात रेटली की रिंग घासते, आणि ती आवाज न करता झिजत जाते. खाचेपाशी क्षणभर दाब धरा, रिंग वेग जुळवेल आणि गिअर आत जाईल. पहिले काही दिवस हे जाणीवपूर्वक करावं लागतं.

सर्वांत धोक्याची चूक पाचव्यातून चौथ्यात येताना होते. ओळींमधलं अंतर हाताला नवीन असतं. दांडी डावीकडे जास्त ओढली गेली की चौथ्याऐवजी दुसरा पडतो. दुसऱ्याचं प्रमाण चौथ्याच्या जवळपास दुप्पट, म्हणजे क्लच सोडताच इंजिनचे फेरेही दुप्पट. इंजिनचे फेरे मर्यादेत ठेवणारा रेव्ह लिमिटर फक्त इंधन तोडतो. चाकांनी फिरवलेल्या इंजिनला तो थांबवू शकत नाही, आणि व्हॉल्व्ह वाकण्यापर्यंत प्रकरण जातं. पाचव्यातून खाली येताना दांडी मुठीत आवळू नका. तळव्याने सरळ मागे ढकला, स्प्रिंग तिला चौथ्यासमोर आणून ठेवते.

इंजिन मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांवर असताना दांडीत बारीक गुणगुण यायला लागली तर किटची धातूची बुशं त्याचं कारण असण्याची शक्यता जास्त. ती ढिलाई कमी करतात, पण इंजिनचा थरथराट हातापर्यंत आणतात. रोजच्या गाडीला नायलॉनची बुशं बरी.

वॉरंटी शिल्लक असेल तर गिअरबॉक्सच्या दाव्यावर सर्व्हिस सेंटर बोट ठेवू शकतं, हे धरून चाला. 500 किलोमीटरनंतर ट्रे काढून नट आणि लॉक वॉशर पुन्हा बघा. मूळ लिव्हर तेलाच्या फडक्यात गुंडाळून, त्यावर गाडीचा नंबर लिहून डिकीत ठेवा. गाडी विकताना घेणारा बहुधा तोच मागेल.